म्होरक्यानं मागं चालायचं

गुरुवारी सकाळी हारांतले दोरे काढायला बसले होते. निम्मी परात झाली आणि हात थांबला.

आमच्या गल्लीतल्या देवीच्या देवळातलं निर्माल्य आठवडाभर साठवायचं, त्यातले दोरे, पिशव्या, उदबत्तीच्या काड्या वेगळ्या करायच्या आणि नुसती फुलं गोदेवरच्या कलशात नेऊन टाकायची, हे काम गेली सात वर्षं माझ्याकडे आहे. मखमलाबादकडचा झेंडू घट्ट ओवलेला असतो. दोरा ओढून फुलं सुटत नाहीत, एकेक सोडवावं लागतं. मांडीवर परात, शेजारी बादली, तोंडात देवीचं नाव, असं चाललं होतं. सुकलेल्या बेलाखाली कुंकवाचं बोट लागलेली कागदाची एक बारीक गुंडाळी हाताला लागली. मंगळवारच्या कौलातली. न निघालेली चिठ्ठी.

ती मी पदराच्या टोकानं उचलून पाटावर ठेवली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि नवसाबाई दारात उभ्या. निळी साडी, गळ्यात शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा. शाळा भरायला पाऊण तास राहिलेला असताना ही बाई शाळा सोडून कुठे जात नाही.

"वहिनी, मंगळवारचं निर्माल्य गेलं का?"

"आज नेणार. का हो?"

"मग ती दुसरी चिठ्ठी तुमच्याकडंच हाय."

माझी नजर पाटावर गेली, तशी त्यांचीही गेली.

नवसाबाई गांगुर्डे आमच्या रस्त्यावरच्या माध्यमिक शाळेत शिपाई आहेत. माहेर चांदवडकडच्या एका खेड्यातलं. चार भावंडं दगावल्यावर नवसानं झाली, म्हणून नाव नवसाबाई. सातवीपर्यंत शिकल्या. मालक फकिराभाऊ ह्याच शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपावर ह्यांना लावून घेतलं. पण लावून घेईपर्यंत अकरा दिवस त्या कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभ्या होत्या. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. त्या सांगतात, "वहिनी, अकराव्या दिवशी कळलं. खिडकीतला माणूस वाईट नसतो. आपण इचारलं तेवढंच तो सांगतो. आपल्याला इचारताच येत नव्हतं, त्याला तो काय करणार?"

तेव्हापासून त्यांनी धरलं, की ह्या शाळेतून दहावी होऊन जाणारं एकही पोर खिडकीपुढे मुकं उभं राहता कामा नये.

त्यांची शाळा शनिवारी, शेवटची घंटा झाल्यावर. नववी-दहावीची पाच पोरं एका वेळी. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, बँकेतलं खातं, सगळं ज्याचं त्यानं जाऊन काढायचं. आईबापांनी यायचं नाही. निघण्याआधी तळहातावर पेनानं तीन प्रश्न लिहायचे. त्याशिवाय दहावीच्या वर्षात प्रत्येकानं तीन शनिवार एकेका कामाच्या माणसाजवळ बसायचं. कुणी सातपूरला लेथवर, कुणी छापखान्यात, कुणी विंचूरला कांद्याच्या प्रतवारीवर. तिथून आल्यावर नवसाबाई एकच विचारायच्या, "त्या कामात हात कुठं दुखतो, ते इचारलंस का?" नसेल विचारलं तर पुढच्या शनिवारी परत.

हेडसर एकदा हसून म्हणाले होते, "नवसाबाई, आमचं करिअर मार्गदर्शन एका तासात उरकतं, तुमचं दोन वर्षं चालतं."

"सर, तुमच्यात चहाबिस्किट असतंय. पोरं लवकर दमत्यात."

पाचांत एक जण म्होरक्या. तो दर वेळी नवा. आणि म्होरक्यानं सगळ्यांच्या मागं चालायचं, हा त्यांचा कायदा. नवीन पोरं बुजायची. पुढारी म्हटल्यावर पुढे नको का? त्यावर नवसाबाई त्यांच्या लहानपणची शेरडं सांगायच्या. "शेरडं राखणारा मागं असतो. त्यो पुढं चालला, तर सांजच्याला मोजायला काय उरंल?" म्होरक्यानं निघताना मोजायचं, पोचल्यावर मोजायचं, आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. आमच्या गल्लीतून पोरांची ती रांग जायची तेव्हा मी खिडकीतून बघायची. शेवटचं पोर नेहमी मान वर करून पुढच्यांची डोकी मोजत असायचं.

त्या सगळ्यांत चांगला म्होरक्या दीपक.

दीपकची आई अक्काबाई देवळातली भांडी घासते आणि दुपारनंतर फुलबाजारात फुलं निवडायला जाते. बाप नाही. दीपक सातपूरला लेथवर तीन शनिवार बसला आणि चौथ्याला कुणी न सांगता आपणहून गेला. त्याला आयटीआय करायचं होतं. पण गेल्या वर्षी वैशाखात पूजाचा भाऊ राज आमच्या गल्लीत आला. पूजा म्हणजे झेंडूवाल्या भारतरावांची बायको. राजच्या हातात दोन मोबाईल, पिशवीत रंगीत कागद. परराज्यात कंपनी, राहायला वसतिगृह, दोन वर्षं काम शिकायचं, वर सर्टिफिकेट. शिका आणि कमवा. अक्काबाई नवसाबाईंकडे धावत आली, "तुम्ही सांगाल तसं." नवसाबाईंनी राजला बोलावून त्यांचे तीन प्रश्न विचारले. त्यानं तिन्ही उत्तरं दिली, शिक्क्याचा कागदही दाखवला. नवसाबाई म्हणाल्या, जाऊ द्या पोराला.

आपल्या भागातली नऊ पोरं गेली. बसमध्ये सगळे चढले तरी दीपक खालीच. नवसाबाईंनी विचारलं, तू का थांबलास? तो म्हणाला, "मोजतोय. नऊ, मावशी." आणि मग चढला. त्या दिवशी नवसाबाई देवळात पेढे ठेवून गेल्या. माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

मी रोज वही लिहिते. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण काय म्हणालं. अक्काबाईकडे फोन नाही, म्हणून दीपकचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, आणि आला की तो काय म्हणाला तेही मी लिहून ठेवायची, कारण अक्काबाई दुसऱ्या दिवशी परत विचारायची, "काय म्हनला, वाचा ना." पहिले दोन महिने तो भरभरून बोलायचा. मग कमी. गेल्या रविवारी नवसाबाई आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दीपकचे सगळे फोन वाचून दाखवा."

मी वाचत गेले. आश्विनापासून पुढे अकरा फोन. "मी बरा आहे. जेवण चांगलं आहे. काम शिकतोय. काळजी करू नका." पुढचा फोन, मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, काम शिकतोय, काळजी करू नका. त्याच्या पुढचा, तेच. चौथ्या-पाचव्या पानावर माझा आवाज बारीक झाला. मी ही वाक्यं स्वतःच्या हातानं अकरा वेळा लिहिली होती, आणि मला ती कधी एकसारखी दिसली नव्हती. यंदाच्या वैशाखानंतर तर फोनच नाही.

नवसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्यो पोरगा एकच गोष्ट दोनदा सांगणारा नव्हता."

आणि आता राज परत आला होता, सायलीला न्यायला.

सायली भारतरावांची थोरली. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के. तिचे तीन शनिवार माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, की आपल्या झेंडूच्या वाफ्यात खत जास्त होतंय, कमी नाही. भारतरावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच खत टाकलं. तिला कृषी पदविका करायची होती. कागदपत्रांच्या पडताळणीचा शेवटचा दिवस हाच गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत. राजची बस त्याच संध्याकाळी सातची.

घरात दोन तट पडले. पूजा भावाच्या बाजूनं, सायली शिकायच्या, भारतराव कुणाच्याच नाही. मग भारतरावांची आई कुसाबाई म्हणाली, देवीला विचारा. त्या घरात कुसाबाईंचा शब्द खाली पडत नाही. मंगळवारी आरतीनंतर कौल लावला. एकाच कागदाच्या दोन चिठ्ठ्या राजनं लिहिल्या, एकीवर 'मामाकडे', एकीवर 'शिकायला'. लिहिताना त्यानं हात आडवा धरला होता, हे मी पाहिलं. कुंकू लावून ताम्हणात हलवल्या, समोरच्यांच्या चार वर्षांच्या मुलीनं एक उचलली. 'मामाकडे' निघाली. सायली नमस्कार करून उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

आमच्यात न निघालेली चिठ्ठी उघडत नाहीत. देवीनं जे दिलं नाही, त्यात डोकावायचं नाही. ती तशीच निर्माल्यात जाते. माझ्या सासूबाईंनीही कधी उघडली नव्हती.

"उघडा वहिनी," नवसाबाई म्हणाल्या.

"नवसाबाई, हे बरं नाही."

"दोन्हीवर मामाकडेच लिव्हलं आसंल तर? त्यानं हात आडवा धरला हुता, तुम्हीच म्हणालात."

माझे हात झेंडूनं पिवळे झाले होते. मी उठून ते धुतले. देव्हाऱ्यापुढे दिवा होता, त्याच्यात तेल घातलं. मनात म्हटलं, आई, चूक असेल तर माझ्या पदरात घाल. मग चिठ्ठी उलगडली.

'शिकायला'.

स्वच्छ, ठळक अक्षरात. काही लबाडी नव्हती. कौल खरा होता.

नवसाबाई खालीच बसल्या. मी तर रडायच्या बेतात होते. मोडू नये ते मोडलं, आणि हातात काहीच आलं नाही. देवीनं खरंच त्या पोरीला तिकडे जा म्हणून सांगितलं होतं. बादलीत फुलांचा कुबट वास येत होता आणि मला एकदम वाटलं, की जे व्हायचं ते होऊन गेलंय, आपण मागाहून धावतोय.

नवसाबाई म्हणाल्या, "वहिनी, इचारलं काय हुतं देवीला?"

"मामाकडे का शिकायला."

"मामा कसा हाय, हे कुठं इचारलं? दीपक कुठं हाय, हे कुठं इचारलं? इचारलं तेवढंच तिनं सांगितलं. चूक खिडकीपुढं उभ्या ऱ्हाणाऱ्याची."

मी म्हटलं, "असं कुसाबाईंना सांगून बघा. घरात पाऊल टाकू देणार नाहीत."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा हातात धरून तिथेच थांबल्या. चेहरा उतरलेला.

"वहिनी, कौल मंगळवारी लावला ना? आन् शाळेतनं सायलीचा दाखला शनिवारी गेला. क्लार्कसाहेब जेवत हुते. रजिस्टर मीच पुढं धरलं. सही कर म्हणून पेन मीच दिलं. राजला."

शाळेची घंटा त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याला वाजवायला सांगितली. रजिस्टर शाळेबाहेर आणता येत नाही, म्हणून हेडसरांना विचारून त्या पानाचा मोबाईलवर फोटो घेतला आणि साडेअकराला आम्ही दोघी भारतरावांच्या दारात गेलो. वहीही मी बरोबर घेतली होती.

पडवीत फुलांचा ढीग. कुसाबाई, पूजा आणि सायली निवडत बसलेल्या. भारतराव क्रेट भरत होते.

"या, मास्तरीणबाई," कुसाबाई म्हणाल्या. "घंटा सोडून आमच्या दारात? पोरं भिंती चढत्याल तिकडं."

"चढू द्या, उतरताना मला हाक मारत्यात. कुसाबाई, एकच इचारायला आले."

"देवीनं दिलंय. आता इचारायचं काय ऱ्हायलं?"

"देवीचं न्हाय. सायलीचा शाळेचा दाखला कुठं हाय?"

"ट्रंकंत आसंल. पूजा, बघ गं."

पूजा उठली नाही. हातातलं फूल नुसतंच फिरवत राहिली. "दादाकडे आहे," ती म्हणाली.

"कवापासनं?"

नवसाबाईंनी मोबाईल भारतरावांपुढे धरला. त्यांनी हात धोतराला पुसले आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "शनिवारची सही आहे आई. राजची."

कुसाबाईंना हिशेब लागायला क्षणभर लागला. मग त्या उठल्या. मांडीवरचा झेंडू सगळा पडवीत पसरला.

"राज! बाहेर ये रं."

राज आतून चहाचा कप घेऊन आला. "काय झालं आई?"

"मंगळवारी कौल लावला. तू शनिवारीच दाखला नेलास?"

"अहो आई, प्रोसेस असते ती. फॉर्म आधी भरावा लागतो, नाहीतर सीट जाते. आणि कौल तर आपल्याच बाजूनं लागला ना?"

"आन् नसता लागला तर?"

राज हसला. कुसाबाई फुलं तुडवत त्याच्यापुढे गेल्या. "नसता लागला तर काय केलं असतंस? दाखला तर तुझ्याच खिशात. म्हंजी माझ्या देवीला तू नुस्तं शोभंला बसवलंस व्हय रं?"

"टेन्शन नका घेऊ आई. मी माझ्या भाचीचं वाईट करीन का?"

तेव्हा सायली बोलली. तिचा डावा हात मुठीत होता, तो तिनं उघडला. तळहातावर निळ्या पेनाचे तीन प्रश्न. कधी लिहिले होते कुणास ठाऊक.

"मामा, कंपनीचा पत्ता सांग."

"कागदावर आहे ना बाळा."

"कागदावर पोस्ट बॉक्स नंबर आहे. पत्ता नाही. बरं, मुलींच्या वसतिगृहात बघायला बाई कोण आहेत? त्यांचं नाव?"

"तिथं गेल्यावर कळेल सगळं. चार मुली अजून आहेत तुझ्याबरोबर."

"कुठल्या?" पूजानंच विचारलं. भावानं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तिसरं," सायली म्हणाली. "दीपकदादाला आत्ता फोन लाव. स्पीकरवर."

राज म्हणाला तो कामावर असेल. भारतराव क्रेट खाली ठेवून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. नुसते उभे. ते फार बोलणारे नाहीत. राजनं दुसरा मोबाईल काढला आणि नंबर लावला. पहिल्यांदा कुणीतरी दुसरंच बोललं, राज त्याच्याशी हिंदीत दोन शब्द बोलला, मग बराच वेळ नुसता यंत्राचा घरघराट. आणि मग दीपक.

"मी बरा आहे. जेवण चांगलं आहे."

माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. पुढचं मला पाठ होतं.

"काम शिकतोय. काळजी करू नका."

"दादा, मी सायली. भारतकाकांची."

घरघराट.

"दादा, तुमच्यात म्होरक्या कोण आहे?"

तो म्हणाला, "मीच."

"मग किती जण आहात?"

"नऊ आलो होतो."

"आत्ता किती?"

मागून एक माणूस काहीतरी ओरडला आणि फोन बंद झाला. राज म्हणाला, रेंज नसते तिथं. पुन्हा लावला तर नंबर बंद. तिसऱ्यांदाही बंद.

नवसाबाईंनी पडवीचा खांब धरला होता. त्यांची बोटं हलत होती. एक, दोन, तीन. त्या नवापर्यंत मोजत होत्या आणि परत एकपासून सुरू करत होत्या.

"पाहुणे," भारतराव म्हणाले, "दाखला."

"दाजी, तो पुढं पाठवलाय. आज तिथं पोचलापण असेल."

"मूळ?"

"मूळच. तुम्ही लोक ना, पोरीचं नुकसान करताय. आयुष्यभर झेंडू निवडत बसेल ही."

"बसू दे," कुसाबाई म्हणाल्या. "आमच्या डोळ्यांपुढं बसंल. मोजायला इथं आसंल."

दहा मिनिटांत तो पिशवी घेऊन गाडीवर निघाला. भारतराव आडवे गेले, पण पूजा मध्ये पडून रडायला लागली आणि तेवढ्यात तो वळणावरून गेला. नवसाबाई रस्त्यापर्यंत धावल्या होत्या. परत आल्या तेव्हा तळहातावर गाडीचा नंबर लिहिलेला होता.

मुलांच्या मदतीचा जो एक हजार अठ्ठ्याण्णव नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, तो नवसाबाईंनी माझ्या फोनवरून तिथेच लावला. हे मात्र सांगायला हवं, की त्यांना नीट सांगता आलं. कोण, कधी गेलं, किती, शेवटचा फोन कधी, गाडीचा नंबर, सातची बस, तिच्यात चार मुली. पलीकडची बाई म्हणाली, बस स्टँडवर लगेच कळवते, तुम्ही मुलाच्या आईला घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा, फोटो आणि फोनच्या तारखा न्या. पण अक्काबाई फुलबाजारातून सहाच्या आत येत नाही, आणि तिथल्या शेडमध्ये तिला शोधायला गेलेले भारतराव हात हलवत परत आले. ती त्या दिवशी कुणाच्या टेम्पोतून शेतावर तोडणीला गेली होती.

मधल्या वेळात सायलीचं बघायचं होतं. पाच वाजेपर्यंतचं.

बाकीचे कागद सायलीकडेच होते, पण दाखला नाही तर पडताळणी नाही. हेडसर म्हणाले, जनरल रजिस्टरचा प्रमाणित उतारा देतो, पण अर्ज द्या. आणि दबक्या आवाजात म्हणाले, "दाखला हरवला असं लिही. सोपं जाईल." सायलीनं कागद घेतला. नवसाबाई दाराशी उभ्या होत्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सायलीनं लिहिलं, 'माझा मूळ दाखला माझे मामा राज यांनी शनिवारी सही करून नेला व मागूनही परत दिला नाही.' सरांनी दोनदा वाचलं. मग शिक्का मारला.

पडताळणीच्या केंद्रावर सायली स्वतः खिडकीपुढे उभी राहिली. आम्ही जाताना ती पुढे, मी मध्ये, नवसाबाई सगळ्यांत मागे. आतल्या बाई म्हणाल्या मूळ दाखल्याशिवाय होत नाही. सायलीनं विचारलं, "होत नाही हे कळलं. त्याशिवाय काय चालतं, ते सांगाल का?" त्या बाईंनी चष्मा वर केला. हमीपत्र चालतं. महिन्याच्या आत मूळ दाखला किंवा पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. पाचला बारा मिनिटं कमी असताना पावती हातात पडली. सायलीनं ती नवसाबाईंना दाखवली. त्यांनी मान हलवली, पण बघितली नाही. त्यांची नजर केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पोरांवर होती.

येताना रिक्षात म्हणाल्या, "वहिनी, त्या दिशी तीन प्रश्न मीच इचारले हुते राजला. तीनच. चवथा सुचला न्हाय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"म्होरक्या मागं ऱ्हातो, हे मीच शिकवलं त्याला. आन् आता त्यो तिथं मागं ऱ्हायलाय. एकटा निघून आला असता, तर कवाचाच आला असता."

मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि मधेच विसरले.

घरी आल्यावर नवसाबाईंनी त्या नऊ पोरांच्या घरी जाऊन यायचं ठरवलं. सगळी घरं चालत जाण्याजोगी. चार घरं झाली. सोमनाथच्या घरी शेवटचा फोन माघात. गोटीरामच्या घरी होळीला. एका घरी म्हणाले पोरगा बरा आहे, जेवण चांगलं आहे, काम शिकतोय. नवसाबाईंनी पुढचं वाक्य स्वतःच म्हटलं, तर त्या घरातली म्हातारी चकित झाली, "तुम्हाला कसं माहीत?" आणि चौथ्या घरी तर हार घातलेला फोटो पाहून आमचे पाय उंबऱ्यातच थांबले. पोरगा फेब्रुवारीत गेला. मशीनवर. राजनं येऊन सांगितलं होतं, तिकडेच उरकलं, बॉडी आणण्यासारखी नव्हती. आणि कुणाला बोलू नका, बाकीच्यांचं काम जाईल. ती माणसं बोलली नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, देवीला येतात, माझ्या हातचं तीर्थ घेतात.

उरलेल्या घरी आम्ही गेलो नाही. तिथूनच मागे फिरलो.

हे मी सुट्या कागदांवर लिहिते आहे, कारण माझी वही नवसाबाईंच्या पिशवीत आहे. आश्विनापासूनच्या पानांना त्यांनी झेंडूतून काढलेले दोरे खुणेला घातलेत. परात तशीच ओट्यावर आहे, निम्मी. ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली आहे. नदीत सोडायला हात धजत नाही आणि घरात ठेवू नये म्हणतात. सात वाजत आलेत. बस स्टँडवरून अजून काही कळलेलं नाही.

खाली नवसाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या आहेत, पिशवी छातीशी धरून. अक्काबाई आली की तिला घेऊन त्या पोलीस ठाण्यात जाणार आहेत, नऊही मुलांची नावं लिहून द्यायला.